नॉटपेड ते रोमिंग

परदेशी चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या माणसाला हल्ली व्हिसा आणि विमा यांच्या पाठोपाठ तिसरा प्रश्न पडतो तो फोनचा. इथलाच नंबर रोमिंगवर न्यायचा, तिकडे उतरल्यावर नवं सिमकार्ड घ्यायचं, की मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये आपली एक लाइन वाढवून घ्यायची? आमच्या रामवाडीत आणि पेणमध्ये आता दर दोन-तीन घरांमागे एखाद्या घरचं कुणीतरी बाहेर असतं. त्यामुळे संध्याकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठ मंडळींत गुडघेदुखीच्या खालोखाल हाच विषय चालतो. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला पाच महिन्यांसाठी जाणार आहोत, त्यामुळे सध्या मीही त्या चर्चेत हिरीरीने भाग घेते!

जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलाही प्रश्न समोर आला की तो आधी कुणाला पडला होता हे शोधायची खोड लागली आहे. तसं शोधू गेले तर गंमत दिसली. फोन बदलले, कंपन्या बदलल्या, पण मूळ प्रश्न दीडशे-पावणेदोनशे वर्षांत बदललेला नाही. तो असा : निरोपाचे पैसे कोणी भरायचे? पाठवणाऱ्याने, की घेणाऱ्याने?

इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणारा देई, तेही अंतरानुसार. गरिबाला ते परवडत नसत. कोलरिज या कवीची एक गोष्ट सांगतात. एका बाईकडे पोस्टमन पत्र घेऊन आला. तिने ते हातात घेऊन पाहिलं आणि पैसे नाहीत म्हणून परत केलं. कोलरिजला दया आली आणि त्याने पैसे भरून पत्र सोडवलं. पोस्टमन गेल्यावर बाईने सांगितलं, की पत्र कोरंच आहे. भावाशी तिचं ठरलं होतं : तो खुशाल असला की कोरं पत्र पाठवायचं आणि हिने ते न घेता परत करायचं. खुशाली कळली, खर्च शून्य. पुढे रोलंड हिलने टपाल सुधारणेचा आग्रह धरला तेव्हा अशा युक्त्यांची बरीच चर्चा झाली, आणि १८४० मध्ये एक पेनीचं तिकीट आलं. पाठवणाऱ्याने आधी पैसे भरायचे. आजच्या भाषेत प्रीपेड!

आणि त्या बाईने केलं तो चक्क मिस्ड कॉल होता की नाही, मंडळी?

आपल्याकडे १८५४ च्या ऑक्टोबरपासून देशभर टपाल तिकिटं सुरू झाली. तिकीट न लावलेल्या पत्राला घेणाऱ्याकडून दुप्पट आकार घेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी त्याला शब्द होता ‘नॉटपेड’. नॉटपेड पत्र आलं की घरात आधी काळजी आणि मग चरफड. तरीही सोडवून घेतलं जाई, कारण आत काय असेल कोण जाणे.

हे झालं देशातल्या देशात. परदेशी गेलेल्या माणसाचं काय? त्याच्याकडे इथलं तिकीट निरुपयोगी, आणि तिथलं तिकीट इथल्या पोस्टाने का मानावं? हा गुंता सोडवायला १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बरेच देश एकत्र आले आणि त्यांनी टपाल संघ स्थापला. तत्त्व साधं होतं. पत्र टाकताना लावलेलं तिकीट मुक्कामापर्यंत चालेल. ज्या देशात तिकीट विकलं त्याने ते पैसे ठेवायचे आणि दुसऱ्याने पत्र फुकट वाटायचं, कारण उलट दिशेनेही पत्रं येणारच. हिंदुस्थान या संघात १८७६ साली दाखल झाला. आपल्या मोबाइल कंपन्या परदेशातल्या कंपन्यांशी करार करतात आणि आपला फोन तिथल्या टॉवरवर चालतो, त्याची ही पणजीच म्हणायची. फरक एवढाच, की या कंपन्या आपापसांत पैशापैशाचा हिशोब ठेवतात आणि तो शेवटी आपल्या बिलात उतरतो.

हिंदुस्थान या संघात आल्यावर सातच वर्षांनी एक मराठी मुलगी एकटी अमेरिकेला गेली. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या, म्हणजे जवळजवळ दोन महिने प्रवास. वय अठरा. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, आणि त्यांची एक बदली आमच्या शेजारच्या अलिबागला झाली होती हे आम्हा रायगडकरांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. अमेरिकेत आनंदीबाईंना आधार मिळाला तो रोसेल गावच्या कार्पेंटरबाईंचा. त्यांना त्या मावशी म्हणत. हे रोसेल न्यू जर्सीतच आहे. ही ओळख झाली तीही कागदावरच : गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र एका मिशनरी मासिकात छापलं गेलं, ते कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

फिलाडेल्फियातल्या त्या दिवसांत पतिपत्नींमधला सगळा संवाद पत्रांतून होता. पत्र पोचायला महिन्याहून अधिक लागे, म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये दोन महिने सहज जात. गोपाळरावांचा स्वभाव तापट आणि पत्रंही कधी कधी तशीच. विचार करा, रागाने लिहिलेलं पत्र हातात पडायचं तेव्हा लिहिणाऱ्याचा राग केव्हाच निवलेला असणार, आणि वाचणारीचं दुःख मात्र ताजं. तिने उत्तर लिहायचं, ते पोचेपर्यंत आणखी महिना. आज व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या रेघा दिसून उत्तर आलं नाही तर पाच मिनिटांत आपला जीव वरखाली होतो! मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय बाविसावं पुरं व्हायचं होतं.

तोवर तार नव्हती असं नाही. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन समुद्रातून तारेचा दोर टाकला आणि मुंबई-लंडन निरोप महिन्यांऐवजी तासांत, मग मिनिटांत जाऊ लागला. पण शब्दामागे पैसे, आणि तेही असे की व्यापाऱ्यांना आणि सरकारलाच परवडावेत. सामान्य घराला तार म्हणजे एकच अर्थ. आमच्या लहानपणीही तारवाला दारात दिसला की तार वाचण्याआधीच बायका रडायला लागत. ही सेवा आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

आमच्या जिल्ह्याचं आणखी एक उदाहरण देते. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले ते, १९१५ साली केंब्रिजला शिकायला गेले. पहिलं महायुद्ध चालू होतं. विलायतेची डाक आठवड्याला बोटीने जाई-येई आणि त्या वाटेवर जर्मन पाणबुड्या होत्या. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला लंडनहून मुंबईला येणारी ‘पर्शिया’ ही बोट भूमध्य समुद्रात बुडवली गेली. एखाद्या आठवड्यात पत्र आलं नाही, तर पोरगा आळशी झाला की बोट बुडाली हे घरच्यांना कसं कळणार? रोह्यातल्या त्या घराने ती वर्षं कशी काढली असतील याचा विचार मनात येतो. १९१८ साली चिंतामणराव आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले.

मग वेग वाढत गेला. १९२७ साली खडकी आणि दौंड इथल्या केंद्रांतून विलायतेशी बिनतारी तारायंत्र सुरू झालं. म्हणजे साहेबाच्या देशाशी हवेतून बोलायची पहिली सोय आपल्या पुणे जिल्ह्यात झाली. १९२९ मध्ये लंडन-कराची विमान डाक आली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून डाक घेऊन स्वतः विमान चालवत मुंबई गाठली. १९३३ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात रेडिओ टेलिफोन सुरू झाला. पत्राचा महिना आठवड्यावर आला, आणि पैसेवाल्यांना आवाजही ऐकू येऊ लागला.

आमच्या पिढीला ट्रंक कॉल चांगलाच आठवतो. नंबर नोंदवून बसून राहायचं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे. म्हणजे रांगेत पुढे घुसायचे अधिकृत पैसे! पी. पी. कॉल म्हणजे अमुकच माणूस फोनवर आला तरच बोलायचं. १९७१-७२ च्या सुमाराला नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र झालं, १९७६ साली मुंबईहून लंडनला थेट आयएसडी लागू लागला. पण फोनच ज्यांच्याकडे नाही त्यांना त्याचं काय? सत्तरच्या दशकात आपल्या कोकणातली माणसं आखातात जाऊ लागली तेव्हा त्यांनी निराळाच मार्ग काढला. टेपरेकॉर्डरवर बोलायचं आणि ती कॅसेट गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती द्यायची. ज्या आयांना वाचता येत नव्हतं त्यांना मुलाचा आवाज मिळाला. पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजाऱ्याची गरज संपली. माझ्या मते पत्र आणि फोन यांच्यामधली ही पायरी इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवी.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला पिवळे पीसीओ आले. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव, म्हणून जेवणं उरकून पेणच्या बूथवर लोक उभे असत. आयएसडी करताना नजर घड्याळावर नाही, मीटरवर. नव्वदच्या दशकात अमेरिकेचं एक मिनिट पन्नास रुपयांच्या वर पडे. त्यामुळे बोलणं ठरलेलं : कसे आहात, बरे आहोत, पत्र लिही. निम्मा वेळ ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच जायचा. २००२ च्या एप्रिलपासून खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुलं झालं आणि दर झपाट्याने उतरले. तिकडची मुलं किराण्याच्या दुकानातून कार्ड आणून, खरवडून, लांबलचक पिन दाबून फोन करत.

आणि मोबाइल? ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा मिनिटाचा दर १६ रुपयांपर्यंत होता, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. म्हणजे पुन्हा नॉटपेड! १ मे २००३ पासून आपल्याकडे येणारे फोन फुकट झाले आणि मोबाइल खऱ्या अर्थाने गावोगाव पोचला. ‘घेणाऱ्याला पैसे’ हा नियम हटला की निरोप गरिबाच्या घरात शिरतो. १८४० साली तेच झालं, २००३ साली तेच.

आता इतिहास संपवून वर्तमानात येते. रोमिंगवर गेलं की आपण पुन्हा १८४० च्या आधी जातो. आलेला फोन उचलला तर आपल्याला पैसे पडतात, नाहीतर पॅकमधली मिनिटं जातात. मग तिकडचंच सिम घ्यावं आणि मोकळं व्हावं असं वाटतं. पण त्यात आमची एक अडचण आहे : ताई.

माझी मोठी बहीण रोह्याला असते. वय चौऱ्याऐंशी. फोन बटणांचा. व्हॉट्सअॅप तिला नको आहे आणि डोळ्यांमुळे जमणारही नाही. माझा नंबर तिच्या फोनवर एका बटणाला लावून दिलेला आहे. मी अमेरिकेचा नंबर घेतला तर तिने केलेला फोन आयएसडी होणार, आणि तिच्या रिचार्जमध्ये तो नाही. घरातली तरुण मंडळी म्हणतात, तूच रोज कर की तिला फोन. करीनच. पण वेळ आपण ठरवायची आणि तिने वाट पाहायची, आणि मनात येईल तेव्हा तिने आपल्याला हाक मारायची, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसरी हवी असते. व्हिडिओ कॉल फुकट झाले, ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना जग अंगणाएवढं झालं, ते खरं आहे. पण प्रत्येक नव्या सोयीच्या वेळी कुणीतरी जुन्या सोयीवर एकटं उरतं. तार आली तेव्हा उरलं, एसटीडी आला तेव्हा उरलं, आज ताईसारखी माणसं उरली आहेत. प्लॅन निवडताना तक्त्यात जीबी आणि मिनिटं दिसतात, हा रकाना दिसत नाही.

दुसरी गोष्ट ओटीपीची. पेन्शन ज्या बँकेत येते तिथे, आधारला, गॅसला, सगळीकडे हाच नंबर. म्हणजे आता हा नंबर आपली सही झाला आहे. सलग ९० दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. म्हणजे आपली सही अनोळखी माणसाच्या खिशात. पाच महिने जाणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

तर लेकीशी, भाच्याशी आणि इथल्या दुकानदाराशी पुष्कळ बोलून आम्ही ठरवलं ते असं. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

फोन दोन सिमचा. भारतातला नंबर चालू ठेवायचा, जाण्यापूर्वी इथूनच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यायचं आणि मुदत सगळे महिने पुरेल असं रिचार्ज करायचं. रोमिंगचा पॅक कमीत कमी सुविधांचा पण जास्तीत जास्त मुदतीचा मिळतो का ते विचारायचं. त्या सिमवरचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं, नाहीतर फोन खिशातल्या खिशात पैसे खातो. दुसरं सिम तिकडचं, लेकीच्या फॅमिली प्लॅनमधलं, ज्यात भारतातल्या साध्या नंबरांना फोन करायची सोय धरलेली आहे. इंटरनेट त्याच्यावर. आपला फोन तिथे चालेल ना हेही आधी पाहायचं. पूर्वी आपल्याकडचे ९०० आणि १८०० चे फोन अमेरिकेतल्या ८५० आणि १९०० च्या जाळ्यावर चालत नसत. आता अडचण दुसरी आहे : तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ संपेपर्यंत थ्रीजी बंद केलं, त्यामुळे फोरजीवर आवाजाचा कॉल करता न येणारा जुना फोन तिथे बोलायच्या कामाचा नाही. काही नव्या फोनांत सिमची खाचच नसते, त्यांना ई-सिम लागतं.

आणि ताईचं काय? तर ताईने नेहमीचं बटण दाबायचं. माझ्या भारतातल्या नंबरवर घंटा वाजेल. मी उचलणार नाही. न उचललेल्या फोनला सहसा पैसे पडत नाहीत, फक्त कॉल व्हॉइसमेलकडे वळत नाही ना ते तपासून ठेवायचं. मग मी तिकडच्या सिमवरून तिला लगेच फोन करायचा. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असतं, म्हणजे ताईच्या सकाळच्या चहाला माझी रात्रीची निजानीज. चालेल. फोन उशाशी ठेवीन. कोलरिजच्या गोष्टीतली बाई कोरं पत्र परत करून भावाची खुशाली घेत होती, आम्ही बहिणी न उचललेल्या फोनवर भागवू. तिच्यात आणि आमच्यात जवळजवळ दोनशे वर्षं आहेत, युक्ती मात्र तीच.

ताईला हे समजावलं तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, “आणि खरंच काही झालं तर?” मी म्हटलं, तर दोनदा लागोपाठ वाजव. दुसऱ्यांदा वाजला की मी उचलणार, मग पडोत पैसे किती पडायचे ते. नॉटपेड पत्र आजी सोडवून घ्यायचीच ना?

तुमच्या घरातल्या ‘ताई’साठी तुम्ही काय सोय केली आहे ते जरूर कळवा. विशेषतः आखातातल्या कॅसेटी कुणाकडे अजून असतील तर त्या फेकू नका, मंडळी. एखाद्या मुलाला सांगून त्यांतला आवाज उतरवून घ्या. टेप जुनी झाली की आवाज पुसट होत जातो.